खिळे, लाल पिसे आणि डुकरे: पॉलिनेशियातील बेटवासी व युरोपीय यांच्या पहिल्या व्यापाराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रशांत महासागरातील बेटांवर युरोपीय जहाजे आली तेव्हा देवघेव कशी झाली, याविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात शिरते, अशा ठिकाणी पुनरुक्ती न करता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "पॉलिनेशिया" म्हणजे नेमका कोणता प्रदेश? येथे कोणत्या काळाचा विचार केला आहे?

उत्तरेला हवाई, आग्नेयेला ईस्टर बेट आणि नैर्ऋत्येला न्यूझीलंड असा एक प्रचंड त्रिकोण प्रशांत महासागरावर कल्पिला, तर त्याच्या आत येणारी बहुतेक बेटे पॉलिनेशियात मोडतात. तेथील लोक परस्परांशी नाते असलेल्या भाषा बोलतात आणि त्यांचे पूर्वज उलांडीच्या (तोल राखण्यासाठी बाजूला लाकूड जोडलेल्या) किंवा जोडहोड्यांतून या बेटांवर पसरले. या पानावरील बहुतेक उत्तरे ताहिती आणि न्यूझीलंड या दोन ठिकाणांविषयी आहेत, कारण पहिल्या भेटींच्या सविस्तर नोंदी तेथेच सर्वाधिक मिळतात. काळ मुख्यतः १७६७ ते १८४० असा धरला आहे.

२. सर्वांत पहिली भेट कोणाची आणि कधी झाली?

याचे उत्तर बेटागणिक बदलते. मार्केसास बेटांवर स्पॅनिश दर्यावर्दी मेंदान्या १५९५ मध्ये पोहोचला आणि त्या भेटीत मोठी प्राणहानी झाली. न्यूझीलंडला डच दर्यावर्दी आबेल टास्मान डिसेंबर १६४२ मध्ये आला. त्याचे चार खलाशी मारले गेले आणि तो किनाऱ्यावर न उतरताच निघून गेला. ईस्टर बेटावर डच रोखेव्हेन १७२२ मध्ये उतरला. ताहितीला ब्रिटिश कॅप्टन सॅम्युएल वॉलिस "डॉल्फिन" जहाजातून जून १७६७ मध्ये आला, एप्रिल १७६८ मध्ये फ्रेंच बूगँव्हील आला आणि १३ एप्रिल १७६९ रोजी "एन्डेव्हर" जहाज घेऊन जेम्स कुक दाखल झाला. दोन वर्षांत तीन वेगवेगळ्या मोहिमा आल्यामुळे ताहितीच्या लोकांना या पाहुण्यांची परस्परांशी तुलना करता आली.

३. ताहितीत व्यापार शांततेने सुरू झाला, असे वाचले आहे. ते बरोबर आहे का?

बरोबर नाही. "डॉल्फिन" मातावाई उपसागरात शिरल्यावर सुरुवातीला होड्यांतून थोडी देवघेव झाली हे खरे, पण २४ जून १७६७ रोजी शेकडो होड्यांनी जहाजाला वेढा घातला आणि त्यावर दगडांचा वर्षाव केला. जहाजाच्या तोफांनी त्याला उत्तर दिले. दोन दिवसांनी पुन्हा तोफा डागल्या गेल्या आणि वॉलिसच्या सुतारांनी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या पन्नासांहून अधिक होड्या करवतीने कापून टाकल्या. मातावाईचा नियमित बाजार भरू लागला तो यानंतर. नदीच्या एका काठावर बेटवासी, दुसऱ्या काठावर जहाजाचा तोफखाना सांभाळणारा अधिकारी आणि मध्ये ये-जा करणारा एक वृद्ध ताहितीयन, अशी त्या बाजाराची मांडणी होती. पाहुण्यांच्या रोजनिशांतली हसतमुख वर्णने वाचताना हा क्रम विसरू नये. समोरच्या माणसाच्या हाती तोफ आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असताना ही देवघेव चालली होती.

४. युरोपीय जहाजांना बेटांकडून काय हवे होते?

सुरुवातीच्या काळात त्यांना सोने किंवा मसाले अपेक्षित नव्हते. गोडे पाणी, सरपण, फळे, कंदमुळे आणि ताजे मांस एवढेच हवे होते. महिनोन्‌महिने खारवलेल्या मांसावर आणि सुक्या बिस्किटांवर राहिलेल्या खलाशांना स्कर्व्ही होत असे, हिरड्या सुजत आणि जुन्या जखमा पुन्हा उघडत. वॉलिस स्वतः ताहितीला पोहोचला तेव्हा आजारी होता. नारळ, केळी, नीरफणस, रताळी, अळूचे कंद, कोंबड्या आणि डुकरे हा माल म्हणजे जहाजाच्या दृष्टीने पुढच्या प्रवासाची हमी होती. युरोपातील बाजारासाठी माल नेण्याचा व्यापार बराच नंतर सुरू झाला (पाहा: प्रश्न १३ आणि १४).

५. बेटवासीयांना लोखंडाचे एवढे आकर्षण का होते? त्यांनी ते पूर्वी कधीच पाहिले नव्हते का?

ताहितीत लोखंडाचे खनिज नाही. झाड तोडणे, होडी कोरणे, घराचे खांब तासणे ही सर्व कामे काळ्या पाषाणाच्या तासणीने होत असत आणि मोठी होडी पूर्ण व्हायला फार दिवस लागत. जाड खिळा ठोकून चपटा केला की त्याची पटाशी होई, बारीक खिळा वाकवला की गळ होई. तेव्हा लोखंडाला किंमत आली ती उपयोगामुळे, चकाकीमुळे नाही.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. वॉलिस येण्यापूर्वीच ताहितीच्या लोकांना लोखंड माहीत होते. १७२२ मध्ये रोखेव्हेनच्या ताफ्यातले एक जहाज तुआमोतु द्वीपसमूहातील ताकापोतो या प्रवाळबेटावर फुटले आणि त्याचे लोखंड बेटाबेटांवरून हातोहात फिरत ताहितीपर्यंत आले होते. म्हणून १७६७ मध्ये होड्यांतून आलेल्या लोकांना काय मागायचे, हे आधीच ठाऊक होते. ताहितीच्या लोकांनी खिळा हा कसलासा कोंब समजून तो बागेत पेरला, अशी कथा पुढे मिशनऱ्यांनी नोंदवली आहे. ती सांगायला गमतीची आहे खरी, पण धातूचा उपयोग जाणून तो मागणाऱ्या माणसांच्या वागण्याशी तिचा मेळ बसत नाही.

६. खलाशांनी खिळ्यांसाठी जहाजच मोडायला काढले होते, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. "डॉल्फिन"वरील खलाशांनी स्त्रियांच्या सहवासाच्या मोबदल्यात खिळे द्यायला सुरुवात केली. जवळचे खिळे संपल्यावर ते जहाजाच्या लाकडातून उपटले जाऊ लागले. झोपायच्या झोळ्या ज्या खिळ्यांना टांगायच्या तेच नाहीसे झाल्याने बहुसंख्य खलाशी फळीवर झोपत आहेत, असे जहाजावरच्या रोजनिशीत नमूद आहे. खिळ्यांचा पुरवठा वाढला तसा त्यांचा भाव घसरला आणि डुकरासाठी अधिकाधिक मोठा खिळा मागितला जाऊ लागला.

यात स्त्रियांची इच्छा किती होती, असेही काही जण विचारतात. पुष्कळदा वडीलधारी माणसे तरुण मुलींना पुढे करत होती आणि ही देवघेव तोफा धडाडल्यानंतर काही दिवसांतच सुरू झाली, हे नोंदींतून दिसते. युरोपात या प्रसंगांवरून "प्रेमाचे बेट" ही प्रतिमा रंगवली गेली. बूगँव्हीलने तर ग्रीक देवतेच्या बेटावरून ताहितीला "नवे किथेरा" असे नाव दिले. त्या प्रतिमेत भीती आणि बळजबरी यांना जागाच नव्हती, हा तिचा मोठा दोष आहे.

७. भाव कोण ठरवत असे? घासाघीस होत असे का?

होत असे, आणि ती दोन्ही बाजूंनी कसून होत असे. १७६९ मध्ये कुकने जहाजावर नियम वाचून दाखवले. अन्नसामग्रीची खरेदी नेमून दिलेल्या माणसांनीच करावी, तसेच लोखंड, कापड किंवा अन्य उपयोगी वस्तू अन्नाखेरीज कशाच्याही बदल्यात देऊ नयेत, असे त्यात होते. मोहिमेतील वनस्पतीशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स हा इंग्रजांनी किनाऱ्यावर उभारलेल्या किल्ल्याच्या फाटकापाशी बसून बाजार सांभाळत असे. फळे आणि नारळ मण्यांवर मिळत, डुकरासाठी मात्र कुऱ्हाडच लागे. काही आठवड्यांनी मण्यांची आवड ओसरली आणि नारळासाठीही खिळे द्यावे लागले.

खरेदीची मक्तेदारी टिकवणे कुकला कधीच पूर्णपणे जमले नाही. जहाजाच्या कोठारातून मोठे खिळे चोरल्याबद्दल "एन्डेव्हर"वरील एका खलाशाला दोन डझन फटके मारण्यात आले, यावरून चोरबाजार किती तेजीत होता ते दिसते. इकडे बेटांवरचे सरदारही पुरवठा आवळू शकत होते. एखाद्या विधीसाठी किंवा मेजवानीसाठी डुकरे आणि फळे राखून ठेवण्याची त्यांची "राहुई" नावाची प्रथा होती. ती लागू झाली की जहाजाने काहीही देऊ केले तरी माल येत नसे.

८. भोळ्या बेटवासीयांना काचेच्या मण्यांवर लुबाडले गेले, असेच आम्ही शाळेत शिकलो. ते चूक आहे का?

पहिल्या काही दशकांपुरते बोलायचे तर ते बरेचसे चूक आहे. ज्याच्याकडे नारळ मुबलक आहेत आणि लोखंड मुळीच नाही, त्याने खिळ्यासाठी नारळांचा ढीग देणे हा तोट्याचा सौदा ठरत नाही. कुकच्या खलाशांना आपण फार स्वस्तात माल घेतो आहोत असे वाटत होते आणि किनाऱ्यावरच्या माणसालाही नेमके तेच वाटत असण्याची शक्यता आहे.

फसवाफसवीचे म्हणाल तर ती उलट दिशेनेही झाली. मार्च १७७४ मध्ये ईस्टर बेटावर कुकच्या लोकांनी रताळ्यांच्या टोपल्या विकत घेतल्या, तेव्हा काही टोपल्यांत वरच्या थरातच रताळी होती आणि खाली दगड भरलेले होते. आपल्याकडे पेटीतल्या वरच्या थराला चांगले आंबे लावणाऱ्यांची आठवण कोणालाही व्हावी! पुढे बंदुका, दारू आणि जमीन व्यवहारात आल्यावर पारडे फिरले. पण ते वेगळे प्रकरण आहे (पाहा: प्रश्न १३ आणि १४).

९. लाल पिसांची भानगड काय आहे? बेटवासीयांना युरोपीय मालच हवा होता ना?

या विषयातला हा सर्वांत रंजक भाग आहे. ताहितीत लाल पिसे देवत्वाशी आणि राजपदाशी जोडलेली होती. सर्वोच्च कुळातील सरदार "मारो उरा" नावाचा लाल पिसांचा कमरपट्टा धारण करत आणि तो पट्टा म्हणजेच अधिकार होता. कुकच्या दुसऱ्या सफरीत १७७३ मध्ये त्याच्या माणसांनी टोंगा बेटांवर लाल पिसे गोळा केली होती. एप्रिल १७७४ मध्ये ती ताहितीत दिसताच डुकरांची रांग लागली. त्यापूर्वीच्या वर्षी हीच डुकरे मिळवताना जहाजाची दमछाक झाली होती. त्याच महिन्यात मार्केसास बेटांवर याचा उलटा अनुभव आला होता. तेथे खिळ्यांवर सुरळीत व्यवहार चालू असताना जहाजावरच्या कोणीतरी एका डुकरासाठी लाल पिसे देऊन टाकली आणि त्या क्षणापासून खिळ्यांना कोणी विचारेना. कुकला तेथून जवळजवळ रिकाम्या हाताने निघावे लागले.

न्यूझीलंडमध्ये असाच मान ताहितीच्या सालकापडाला मिळाला. ज्या तुतीजातीय झाडाच्या सालीपासून ते बनते ते न्यूझीलंडच्या थंड हवेत जेमतेम तगते, त्यामुळे तेथील मूळ रहिवासी माओरी यांच्या लेखी हे कापड दुर्मीळ होते. १७६९ मध्ये इंग्रजी मालापेक्षा हे कापड अधिक आतुरतेने घेतले गेले. म्हणजे ज्याला आपण युरोपीय व्यापार म्हणतो, त्यात युरोपीय जहाजे कित्येकदा एका बेटाचा माल दुसऱ्या बेटाला पोहोचवणारे वाहतूकदार होती.

आणखी एक तपशील सांगण्यासारखा आहे. वॉलिसच्या माणसांनी मातावाईला लाल निशाण रोवून ताब्याची घोषणा केली होती. ताहितीच्या लोकांनी ते निशाण काढून नेले आणि पवित्र कमरपट्ट्यात शिवून टाकले. कॅप्टन ब्लाय याने १७९२ मध्ये त्या पट्ट्याचे चित्र काढले आहे. इंग्रजांनी जे सत्तेचे चिन्ह म्हणून लावले होते ते ताहितीने आपल्या सत्तेचे चिन्ह करून घेतले.

१०. भेटवस्तू आणि विक्री यांत फरक केला जात असे का?

केला जात असे, आणि बहुतेक गैरसमज येथूनच निघाले. सामान्य लोकांशी नारळ-मण्यांची देवघेव जागच्या जागी पुरी होई. सरदारांशी मात्र "तायो" म्हणजे मैत्रीचे नाते जोडले जाई. त्यात दोघे नावांची अदलाबदल करत आणि एकमेकांच्या घरच्यासारखे होत. तायोने दिलेल्या वस्तूचा मोबदला तत्काळ मागायचा नसतो. पण तो द्यायचाच असतो, कधी वर्षांनी आणि कधी वाढीव. वॉलिसशी पुरेआ या सरदारणीने आणि कुकशी तू या तरुण सरदाराने असे नाते जोडले. हाच तू पुढे पहिला पोमारे म्हणून ओळखला गेला. १७७७ मध्ये कुकचे एक तैलचित्र त्याला देण्यात आले, ते त्याने जपून ठेवले आणि पुढे येणाऱ्या जहाजांचे कप्तान त्याच्या मागच्या बाजूला आपल्या मुक्कामाची नोंद करू लागले. तू याच्या दृष्टीने ते नात्याचे दस्तऐवज होते.

ब्लायने ही रीत नेमकी हेरली. १७८८ मध्ये "बाउंटी" जहाज नीरफणसाची रोपे नेण्यासाठी आले, तेव्हा त्याने ती विकत मागितली नाही. राजा जॉर्जने तुम्हाला एवढ्या भेटी धाडल्या, तुम्ही त्याला परत काय धाडणार, असा विषय काढला आणि नीरफणसाची रोपे ही कल्पना यजमानांच्या गळी उतरवली. १,०१५ रोपे जहाजावर चढली. पुढे २८ एप्रिल १७८९ रोजी झालेल्या बंडात ती समुद्रात फेकली गेली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. वेस्ट इंडीजमधील मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना स्वस्त अन्न मिळावे म्हणून ती रोपे हवी होती. यजमानांना हे कोणी सांगितल्याचे दिसत नाही.

११. युरोपीय नोंदींत "चोरी"चा उल्लेख पानोपानी येतो. बेटवासी खरोखर एवढी चोरी करत होते का?

वस्तू उचलल्या जात होत्या, यात शंका नाही. मात्र जे जहाज न विचारता पाणी, गवत, लाकूड आणि मासे घेते, त्याच्या मालाबाबत यजमानांचा हिशेब वेगळा असू शकतो. शिवाय पाहुण्याच्या अंगावरून शिताफीने वस्तू लांबवणे हे कौशल्यही मानले जाई. सरदारांच्या संमतीने झालेल्या चोऱ्या वेगळ्या आणि पोरांनी केलेल्या वेगळ्या. युरोपीय मात्र सर्वांना एकच शब्द लावत.

शिक्षा फार विषम होत्या. १७६९ मध्ये कुक आल्यावर दोनच दिवसांत एका माणसाने पहारेकऱ्याची बंदूक हिसकावली आणि त्याला गोळी घालून ठार करण्यात आले. सूर्यासमोरून होणाऱ्या शुक्राच्या संक्रमणाच्या निरीक्षणासाठी आणलेले क्वाड्रंट हे कोन मोजायचे यंत्र २ मे रोजी नाहीसे झाले. ते बँक्सने डोंगरात जाऊन परत मिळवले, पण दरम्यान तुताहा या सरदाराला विनाकारण अडकवून ठेवल्याने बाजार थंडावला. जूनमध्ये तर चुलीतला निखारा ओढायचा लोखंडी आकडा चोरीला गेला म्हणून कुकने वीसहून अधिक होड्या जप्त केल्या. आकडा परत आला, इतर चोरलेल्या वस्तू आल्या नाहीत. होड्यांतले मासे कुजले आणि माल येणे बंद झाले. १७७७ मध्ये मोओरेआ बेटावर एका शेळीपायी त्याने घरे आणि होड्या जाळल्या. ज्याला संयमी म्हणून गौरवले जाते त्याच्या हातून हे घडले, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

१२. भाषा येत नसताना व्यवहार कसा होई? आणि न्यूझीलंडमध्ये पहिल्याच भेटीत गोळीबार का झाला?

ताहितीत हातवारे, केळीचे कोवळे खांब (ते शांततेचे चिन्ह होते) आणि पाठ केलेले काही शब्द यांवर भागले. कुकला पुढे मोठा आधार मिळाला तो तुपाया याचा. हा रायातेआ बेटाचा पुरोहित आणि दर्यावर्दी जुलै १७६९ मध्ये "एन्डेव्हर"वर चढला. त्याच्या माहितीवरून सत्तरहून अधिक बेटांचा नकाशा तयार झाला. ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडला पोहोचल्यावर त्याची भाषा माओरींना समजली, ही त्या सफरीतली सर्वांत निर्णायक घटना होती. पण तो मध्यस्थी करण्यापूर्वीच, तूरांगानुई नदीकाठी ते मारो हा माओरी गोळीने मारला गेला होता. माओरी रिवाजात परक्याचे स्वागत आव्हानाने, शस्त्रे उगारून होते. इंग्रजांनी त्याचा अर्थ हल्ला असा घेतला.

तुपायाच्या हातचे एक जलरंगचित्र उपलब्ध आहे. त्यात एक माओरी पुरुष दोरीला बांधलेली शेवंड एका हाताने पुढे करतो आहे आणि समोरचा इंग्रज पांढऱ्या कापडाचा तुकडा देतो आहे. दोघांनीही आपली वस्तू घट्ट धरून ठेवली आहे. पहिल्या व्यापाराचे याहून प्रामाणिक चित्र मी पाहिलेले नाही. तुपाया १७७० मध्ये बटाव्हिया (आजचे जकार्ता) येथे आजाराने मरण पावला.

अपवाद म्हणून एक प्रसंग ध्यानात ठेवावा. नोव्हेंबर १७६९ मध्ये व्हितियांगा येथे एका माओरीने कापड घेतले आणि बदल्यात ठरलेला झगा न देताच होडी वल्हवत नेली. लेफ्टनंट गोर याने त्याला गोळी घातली. कुकला ही शिक्षा अतिरेकी वाटली; माओरींनी मात्र आपसांत विचार करून मृत माणसानेच सौदा मोडला होता असे ठरवले आणि सूड घेतला नाही. परतफेडीचे माओरी तत्त्व, म्हणजे "उतु", सूडाइतकेच सौद्यालाही लागू होते, हे येथे दिसते. त्याच मुक्कामात लहानग्या ते होरेताला कुकने एक खिळा दिला. म्हातारपणी तो सांगत असे की त्याने त्या खिळ्याने होडीला भोके पाडली, त्याला देवाप्रमाणे जपले, आणि होडी उलटून तो समुद्रात गेला तेव्हा बुड्या मारूनही सापडला नाही.

१३. ताहितीच्या डुकरांचा व्यापार म्हणजे काय? पोमारे घराणे त्यामुळे मोठे झाले का?

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या कैद्यांच्या वसाहतीत मांसाचा तुटवडा होता. १८०१ मध्ये तेथील गव्हर्नरने "पॉर्पस" जहाज ताहितीला धाडले. डुकरे मारून त्यांचे मांस मिठात मुरवून पिंपांत भरून नेले जाई आणि हा व्यापार सुमारे पाव शतक चालला. मातावाईचे बंदर पोमारे घराण्याच्या प्रभावाखाली असल्याने मोबदल्यातील बंदुकांचा मोठा वाटा त्यांच्याकडे गेला. दुसऱ्या पोमारेने मिशनरी संस्थेला लिहिलेल्या पत्रात बंदुका आणि दारूगोळ्याबरोबर कागद, शाई आणि लेखण्याही मागितल्या होत्या, हे विशेष. त्याला १८०८ मध्ये मोओरेआला पळून जावे लागले आणि १८१५ च्या लढाईनंतर संपूर्ण ताहिती त्याच्या हाती आले. केवळ बंदुकांनी तो जिंकला असे म्हणणे घाईचे होईल. नवा धर्म आणि जुनी नाती हीही त्याची बळे होती.

१४. न्यूझीलंडमध्ये व्यापाराचे स्वरूप वेगळे का झाले?

तेथे जहाजांना केवळ अन्न नको होते, कच्चा मालही हवा होता. सील प्राण्यांची कातडी, डोलकाठीसाठी सरळसोट खोडे आणि "हाराकेके" नावाच्या, दिसायला घायपातासारख्या झाडाचा धागा यांना मागणी होती. या धाग्यापायी १७९३ मध्ये तुकी आणि हुरू या दोन माओरींना पळवून नॉरफोक बेटावर नेण्यात आले, कारण कैद्यांना धागा काढायला शिकवणारे कोणीतरी हवे होते. तेथे उलगडा झाला की धागा काढणे हे माओरींत बायकांचे काम आहे आणि या दोघांना ते जेमतेम ठाऊक आहे! तेथील अधिकारी किंग याने त्यांना त्याच वर्षी स्वतः घरी पोहोचवले आणि सोबत डुकरे व बटाटे दिले.

बटाट्याने मोठा बदल घडवला. रताळे ज्या थंड भागात येत नाही तेथे बटाटा येतो आणि उत्पन्नही भरघोस देतो. जहाजांना विकण्यासाठी बटाटा आणि डुकरे, त्यातून बंदुका, बंदुकांच्या जोरावर युद्धकैदी आणि त्या कैद्यांच्या श्रमातून आणखी बटाटे, असे चक्र सुरू झाले. होंगी हिका हा सरदार १८२० मध्ये इंग्लंडला गेला, केंब्रिजमध्ये माओरी भाषेच्या व्याकरणाला त्याने साहाय्य केले, आणि परतताना मिळालेल्या भेटींचे सिडनीत बंदुकांमध्ये रूपांतर केले. शेजारी टोळ्यांनाही मग बंदुका घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. एका बंदुकीसाठी साधारण टनभर साफ केलेला धागा द्यावा लागे. तो काढण्यासाठी वस्त्या दलदलीच्या जागी हलल्या. गोंदलेल्या मस्तकांचाही व्यापार झाला, तो रोखण्यासाठी सिडनीच्या गव्हर्नरने १८३१ मध्ये बंदी घातली.

१५. व्यापार सरळ नाकारणारे लोकही होते का?

होते. टास्मानला माओरींकडून काहीही मिळाले नाही (पाहा: प्रश्न २). पॉलिनेशियाबाहेरचे उदाहरण अधिक बोलके आहे. एप्रिल १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॉटनी बे येथे कुकच्या माणसांनी झोपड्यांत मणी आणि कापड ठेवले. दुसऱ्या दिवशी ते जसेच्या तसे पडलेले होते. तेथे तुपायाची भाषाही चालली नाही.

१६. रोगराईने किती माणसे मेली?

नेमका आकडा देता येत नाही, कारण मूळ लोकसंख्येचेच अंदाज फार वेगळे आहेत. कुकने १७७४ मध्ये ताहितीचा युद्धताफा पाहिला, त्यात १६० मोठ्या आणि १७० लहान होड्या होत्या. त्यावरून त्याने बेटाची लोकसंख्या दोन लाखांवर धरली. ती अतिशयोक्ती मानली जाते. १७९७ मध्ये आलेल्या मिशनऱ्यांनी सुमारे १६ हजार मोजली. घट प्रचंड होती आणि तिच्यामागे बाहेरून आलेले रोग व लढाया ही मुख्य कारणे होती. गुप्तरोग कोणी आणला, यावर इंग्रज आणि फ्रेंच एकमेकांकडे बोट दाखवत राहिले.

१७. या इतिहासाशी भारताचा काही प्रत्यक्ष संबंध आहे का?

आहे. फ्रेंच कॅप्टन सुरव्हील याचे जहाज १७६९ मध्ये पाँडिचेरीहून निघाले आणि डिसेंबरमध्ये न्यूझीलंडला पोहोचले. त्यावर हिंदी खलाशी होते. म्हणजे कुक आणि हिंदी खलाशी हे अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने त्या किनाऱ्यावर आले. त्या भेटीचा शेवट चांगला झाला नाही. सुरव्हीलने एक होडी गमावल्याच्या रागात रांगिनुई या सरदाराला पकडून नेले आणि तो समुद्रातच मरण पावला.

दुसरा दुवा अधिक विलक्षण आहे. १८३० च्या दशकात मिशनरी विल्यम कोलेन्सो याला न्यूझीलंडच्या उत्तर भागात एक काशाचे भांडे दिसले. माओरी त्यात बटाटे उकडत होते. ते भांडे म्हणजे जहाजाच्या घंटेचा वरचा भाग होता आणि त्यावर तमिळ अक्षरे कोरलेली होती. ती घंटा आज वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे.